पाव, कुंपणी आणि सोबत

पोर्तुगीज सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर स्थिरावले. इंग्रज त्यांच्यामागून शंभरेक वर्षांनी आले. पोर्तुगिजांकडून आपल्याला ‘पाव’ मिळाला, इंग्रजांकडून ‘कंपनी’. एक शब्द ताटात उतरला, दुसरा दप्तरात शिरला. शाळेत हे दोन शब्द कोणी शेजारीशेजारी ठेवून दाखवत नाही, पण ते एकाच घरचे आहेत. लॅटिनमध्ये भाकरीला ‘पानिस’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेत त्याचाच ‘पाँव’ झाला आणि आपल्याकडे ‘पाव’. त्याच ‘पानिस’ला ‘सह’ या अर्थाचा ‘कॉम’ जोडला की एका भाकरीचे वाटेकरी होतात, म्हणजे सोबती. अशा सोबत्यांचा मेळ ती ‘कंपनी’. कोशात हे नाते पहिल्यांदा दिसले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो होतो. ज्या कंपनीने सातारा घेतले, नागपूर घेतले, पुण्याच्या शनिवारवाड्यावर आपले निशाण चढवले, तिच्या नावाच्या पोटात अर्धी अर्धी वाटून खाल्लेली भाकर होती.

पावाचे आधी पाहू, कारण तो अजून रोज समोर येतो. तो यायच्या आधी मराठीत ‘पाव’ होतेच. एक चतुर्थांश दाखवणारे, संस्कृत ‘पाद’वरून आलेले, पावशेरातले. दुसरे देवाच्या दारातले, ‘देवा, पाव’ म्हणतानाचे. समुद्रावरून आलेला पाव तिसरा. त्याच्याबद्दल घराघरांत एक व्युत्पत्ती सांगितली जाई: पायांनी कणीक तुडवतात म्हणून पाव. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ती चूक आहे, पण तिच्यामागची शिसारी खरी आहे. परक्याच्या हातचा, आंबवलेला, गोव्यात तर माडाच्या सुरेने फुगवलेला हा पदार्थ सोवळ्याच्या स्वयंपाकघरात येऊ नये, म्हणून भाषेने दारातच त्याला पाय चिकटवले.

वसईपासून गोव्यापर्यंत विहिरीत पाव टाकल्याची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. पाद्र्यांनी गावच्या विहिरीत पाव टाकला, गाव नेहमीसारखे पाणी प्यायले, आणि सगळे ‘बाटले’. या गोष्टीतला मला सर्वांत जड वाटणारा शब्द ‘पाव’ नाही, ‘बाटणे’ आहे. पाव टाकणारा परका होता, हे खरेच. पण पाणी प्यालेल्यांना परत घरात घ्यायचे नाही असे ठरवणारे परके नव्हते. भाऊबंद होते, त्याच विहिरीवरचे. एका तुकड्याने माणसाचा धर्म जातो हे त्या पाद्र्याने आपल्याला शिकवले नाही. ते आपल्याला आधीच ठाऊक होते, आणि त्याने ते हेरले. वसाहतकाळाचा अभ्यास करताना ही गोष्ट पोर्तुगिजांच्या जुलमाखाली नोंदवून पुढे जाता येत नाही. तिचा अर्धा भाग आपल्या खाती आहे.

गोव्यात आजही सकाळी सायकलचा भोंगा वाजवत पोदेर येतो. ‘पोदेर’ हा पोर्तुगीज ‘पादेइरु’, म्हणजे पाव भाजणारा, आणि तोही त्याच ‘पानिस’चा वंशज. त्याच्या टोपलीत पोयी असते, उंडे असतात, कांकणां असतात. ज्या राजवटीने 1684 मध्ये हुकूम काढून लोकांना कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलायला सांगितले, ती राजवट 1961 मध्ये गेली. कोंकणी राहिली. आणि हुकमाने जे जमले नाही ते पोदेराच्या टोपलीतून निमूटपणे झाले: पोर्तुगीज शब्द कोंकणीत आणि मराठीत कायमचे वस्तीला आले. चावी, बादली, फीत, पगार, लिलाव, इस्त्री. यांतला एकही शब्द आता परका वाटत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. मराठी बायबलात प्रभूच्या प्रार्थनेत रोजचा पाव मागितलेला नाही, ‘भाकर’ मागितली आहे. पाव हातात असूनही भाषांतरकारांनी भाकरीवर बोट ठेवले. जो शब्द बाटण्याच्या गोष्टीत अडकला होता तो प्रार्थनेत चालणार नाही, हे त्यांना कळले असावे. मला हा निर्णय फार समंजस वाटतो.

आता कंपनी. पेशवाईच्या उत्तरकाळातल्या कागदांत आणि त्यानंतरच्या बोलण्यात ती ‘कुंपणी’ होऊन येते: इंग्रज कुंपणी, कुंपणी सरकार, कुंपणी बहादूर. परका उच्चार जिभेवर बसवताना असे रूप होणे साहजिकच आहे. तरीही मराठी कानाला त्यात ‘कुंपण’ ऐकू आल्याशिवाय राहत नाही. शेताभोवती घालतात ते, ज्याच्याबद्दल ‘कुंपणानेच शेत खाल्ले’ अशी म्हण आपल्याकडे आहे. कुंपणीचा आणि कुंपणाचा व्युत्पत्तीने काहीएक संबंध नाही. पण बाजीराव दुसऱ्याने तैनाती फौज स्वीकारली ती रक्षणासाठीच. कुंपण म्हणूनच. वसईचा तो तह 31 डिसेंबर 1802 रोजी झाला. लंडनमध्ये एलिझाबेथ राणीने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली तो दिवसही 31 डिसेंबरच, साल 1600. सनदेपासून तहापर्यंत बरोबर दोनशे दोन वर्षे. आणि तहानंतर सोळा वर्षांत, 1818 मध्ये, शेत संपले.

‘तैनाती’ म्हणजे नेमून दिलेली. फौज त्यांची, खर्च आपला, आणि परराष्ट्रांशी बोलणे त्यांच्यामार्फत. इतका मोठा करार मराठीने एका विशेषणात बसवला. इंग्रजीत त्याला जे नाव आहे त्यात ‘साह्य’ आहे. आपल्या शब्दात फौजेला कोणीतरी नेमले आहे, एवढे तरी स्पष्ट दिसते.

कंपनीचा माणूस म्हणजे ‘साहेब’. हा शब्द इंग्रजांच्या कितीतरी आधी अरबी-फारसीतून आला होता, पण एकोणिसाव्या शतकात नुसते ‘साहेब’ म्हटले की गोरा माणूस असा अर्थ पक्का झाला. विलायतेला ‘साहेबाचा देश’ म्हणणारी माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. अरबीत ‘साहिब’ म्हणजे सोबती. त्याच धातूतून ‘सुहबत’ झाला, आणि त्या ‘सुहबत’चीच मराठीत ‘सोबत’ झाली. म्हणजे ज्याच्यासमोर चपला बाहेर काढून उभे राहायचे तो साहेब, आणि रात्री अंधारात जाताना आपण जी मागतो ती सोबत, या दोन्ही एकाच मुळाच्या फांद्या.

राज्य करणाऱ्या दोन मोठ्या शब्दांचा, कंपनीचा आणि साहेबाचा, मूळ अर्थ सोबतीच निघतो. दोन वेगळ्या भाषाकुळांतून, दोन वेगळ्या वाटांनी. याचा निष्कर्ष म्हणून कोणी सांगेल की बघा, मुळात सगळे प्रेमाचेच होते. हा निष्कर्ष मी काढणार नाही. व्युत्पत्ती शब्दाचा जन्म सांगते, त्याचे आयुष्य सांगत नाही. ‘साहेब’चे आयुष्य पाहायचे तर ते ‘राणीसाहेब’, ‘आईसाहेब’मध्येही पाहायला हवे, आणि ज्या माणसाला लाखो लोकांनी आपणहून ‘बाबासाहेब’ म्हटले त्याच्या नावातही. तिथे तो शब्द गोऱ्यांच्या कचेरीतून उठून आपल्या माणसांत येऊन बसला. सोबतीच्या अर्थाच्या किती जवळ!

आपण या युरोपीय लोकांना काय म्हणत होतो, ते पाहणे मला फार महत्त्वाचे वाटते. फिरंगी हा सर्वांत जुना. युरोपातले ‘फ्रँक’ लोक अरबांना भेटले, अरबी-फारसीत ते ‘फिरंग’ झाले, आणि आपल्याकडे फिरंगी म्हणजे मुख्यतः पोर्तुगीज. युरोपी पात्याच्या सरळ तलवारीलाही ‘फिरंग’ म्हणत. भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त गरमीच्या रोगाला ‘फिरंग रोग’ म्हटले आहे, कारण तो रोग त्यांच्याबरोबर आला. व्यापारी, तलवार आणि रोग, तिघांना एकच नाव. त्या काळच्या वैद्याने आणि शिपायाने अनुभवाचा जमाखर्चच एका शब्दात लिहून ठेवला.

इतर युरोपीयांची नावे आपण पोर्तुगिजांच्या तोंडून शिकलो. पोर्तुगीजमधला ‘इंग्लेस’ तो आपला इंग्रज, ‘ओलांदेस’ तो वलंदेज, ‘फ्रांसेस’ तो फरांसीस, ‘दिनामार्का’चा तो डिंगमार. ‘इंग्रज’ हा शब्द आज इतका आपला झाला आहे की तो त्यांच्या प्रतिस्पर्ध्याने आपल्याला दिलेला आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. शेजाऱ्याची ओळख त्याच्या वैऱ्याने करून द्यावी तसे हे झाले.

पण या सगळ्यांना एकत्र बांधणारा शब्द मराठीने स्वतः घडवला: ‘टोपीकर’. ज्या देशात माणूस पागोट्यावरून, पगडीवरून, मुंडाशावरून ओळखला जाई, तिथे नजर आधी डोक्याकडे जाणारच. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. त्यात सावकारांविषयीच्या प्रकरणात या टोपीकरांचा वेगळा विचार आहे. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसीस, डिंगमार अशी त्यांची जंत्री देऊन ग्रंथकार सांगतो की हे इतर सावकारांसारखे नव्हेत. यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत, राज्यलोभ यांना सुटलेला नाही. यांचे बळ आरमार, तोफा आणि दारूगोळा यांत आहे. म्हणून यांना समुद्रकाठी किंवा खाडीच्या तोंडाशी वखारीला जागा देऊ नये, द्यायचीच तर आत, आणि मजबूत बांधकाम करू देऊ नये.

प्लासीच्या लढाईला तेव्हा चाळीस वर्षे अवकाश होता. व्यापार आणि राज्य यांची अशी गाठ असते, वखारीच्या भिंती हळूहळू तटाच्या भिंती होतात, हे विसाव्या शतकातल्या विद्यापीठांनी मोठ्या ग्रंथांतून मांडले. इथे ते एका अमात्याने राज्यकारभाराच्या सूचना म्हणून, चार वाक्यांत, आपल्या राजासाठी लिहून ठेवले होते. आपल्या महाविद्यालयांत वसाहतवादी साहित्याचा अभ्यास सुरू होतो तेव्हा परदेशी विचारवंतांची नावे आधी येतात. ती यावीत, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण पहिल्या तासाला ‘आज्ञापत्रा’तले ते पान वर्गात वाचले जावे, असे मला मनापासून वाटते.

‘वखार’ हा शब्द त्या पानावरून थेट आपल्या गल्लीत आला आहे. लाकडाची वखार, कोळशाची वखार, वखार महामंडळ. 1660 मध्ये पन्हाळ्याला वेढा पडला असताना राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफगोळे पुरवले, म्हणून शिवाजी महाराजांनी 1661 मध्ये राजापूरची त्यांची वखार लुटली आणि काही इंग्रजांना कैद केले. व्यापाऱ्याच्या वखारीत लांब पल्ल्याचे गोळे कशासाठी होते, याचे उत्तर अमात्यांना पुढे लिहावे लागले.

कैदेवरून ‘तुरुंग’ आठवतो. या शब्दावर मी जरा थांबणार आहे. हा पोर्तुगीज ‘त्रोंकु’. त्याचा मूळ अर्थ झाडाचे खोड. ओंडक्याला भोके पाडून त्यात कैद्याचे पाय अडकवत, त्या साधनालाही तेच नाव पडले, आणि त्यावरून बंदीशाळेला. आता आपल्या जुन्या शब्दाकडे पाहा: ‘खोडा’. खोडापासून खोडा, पाय अडकवण्याचा ओंडका. आजही आपण कामात ‘खोडा घालतो’. दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, शिक्षेला झाडाचेच नाव दिले. खोडा घरचा होता, तुरुंग बाहेरचा. भिंती आल्या तेव्हा बाहेरचा शब्द राहिला आणि घरचा वाक्प्रचारात उरला.

हा शब्द पुढे मराठी साहित्याचा एक पत्ताच झाला. ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले, ‘श्यामची आई’ नाशिकच्या. आणि गोव्यात तर तुरुंग आपल्या जन्मदात्या भाषेच्या ताब्यात होता. मांडवीच्या मुखावरचा आग्वादचा किल्ला पोर्तुगिजांनी बांधला तो तिथल्या गोड्या पाण्यासाठी. ‘आग्वा’ म्हणजे पाणी. जहाजे तिथे पाणी भरत. पुढे त्याच जागी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींना कोंडले. पाण्याच्या नावाचा किल्ला आणि झाडाच्या नावाची कोठडी. त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा यांनी 1944 मध्ये एक छोटी इंग्रजी पुस्तिका लिहून सांगितले की पोर्तुगीज सत्तेने गोवेकराला त्याच्या देशापासून मनाने तोडले आहे. शाळा, भाषा, पोशाख, नावे, सगळ्यांतून. दोन वर्षांनी त्यांना पकडून पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. गोवामुक्तीसाठी लढणारे मोहन रानडे 1955 मध्ये पकडले गेले. गोवा 1961 च्या डिसेंबरात मुक्त झाला, आणि रानडे सुटले 1969 मध्ये, पोर्तुगालच्या तुरुंगातून, सुधीर फडक्यांसारख्यांनी केलेल्या खटपटीनंतर. ज्या भूमीसाठी तुरुंगवास पत्करला ती स्वतंत्र होऊन सात वर्षे उलटली होती. ‘सतीचे वाण’ हे त्यांचे आत्मकथन मराठीत आहे. ते वाचावे.

एवढे सगळे म्हटल्यावर ज्या शब्दाखाली हा अभ्यास चालतो, त्या ‘वसाहतवादा’बद्दल बोलायलाच हवे. ‘वसाहत’ हा वसणे, वस्ती, वसवणे यांच्या गोतावळ्यातला शब्द. पोलीस वसाहत, कामगार वसाहत, औद्योगिक वसाहत. त्यात छप्पर आहे, चूल आहे. ज्या युरोपी शब्दासाठी तो वापरला त्याच्या मुळाशी लॅटिन ‘कोलेरे’ आहे: नांगरणे, राहणे, जोपासणे. रोमनांनी आपल्या शिपायांना जिंकलेल्या मुलखात जमिनी देऊन वसवले त्या ‘कोलोनिया’. जर्मनीतल्या कोलोन शहराच्या नावात ती अजून आहे. ‘कल्चर’ही त्याच ‘कोलेरे’तून निघाला. मराठीत या अर्थाच्या सर्वांत जवळचे पद पेशवाईच्या महसुली कागदांत आहे: ‘लावणी-संचणी’. ओसाड गाव पुन्हा लागवडीला आणणे आणि रयत गोळा करून वसवणे. त्यासाठी रयतेला कौल देत, पहिली काही वर्षे सारा कमी घेऊन तो क्रमाक्रमाने वाढवीत.

इंग्रजांनी इथे लावणी केली नाही आणि संचणीही केली नाही. ते वसले नाहीत. नोकरीची वर्षे भरली की बहुतेक साहेब परत जात. आला, पगार घेतला, गेला. अशा राज्याला ‘वसाहत’ म्हणणे मला नेहमी खटकते. आपल्याला हवी ती धार दुसऱ्या एका शब्दात होती: ‘खालसा’. सातारा 1848 मध्ये खालसा झाले, नागपूर 1854 मध्ये. अरबीत ‘खालिस’ म्हणजे शुद्ध, भेसळ नसलेले. ज्या जमिनीत जहागीरदाराची भेसळ नाही, जी सर्वस्वी सरकारची, ती खालसा. दत्तक नामंजूर, गादी संपली, मुलूख शुद्ध झाला. आजही एखाद्याचे सगळे बुडाले की आपण ‘खालसा झाले’ म्हणतो.

आणि ‘वसाहत’ आणखी एका ठिकाणी अपुरा पडतो. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये पुस्तकाला नाव दिले ‘गुलामगिरी’, आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. त्यांच्या दृष्टीने इंग्रज येण्याच्या हजारो वर्षे आधीच शूद्रातिशूद्रांचा मुलूख गेलेला होता. ते सिद्ध करायला त्यांनी शब्दच फोडले: खंडोबात बळीराजाच्या राज्याचे खंड दाखवले, म्हसोबात महासुभा दाखवला, महारात ‘महाअरी’ दाखवला. पंडितांनी या व्युत्पत्ती नाकारल्या आणि भाषाशास्त्रही त्या मानणार नाही. पण कोश ज्यांच्या हातात नव्हते, त्यांच्या बाजूने शब्दांचा इतिहास पुन्हा लिहिण्याचा तो मराठीतला सर्वांत धीट प्रयत्न आहे, आणि मी तो साहित्य म्हणून, पूर्ण गांभीर्याने वाचतो. कुंपणीत कुंपण ऐकणारा कान आणि म्हसोबात महासुभा ऐकणारा कान एकाच जातीचे आहेत. पायाने तुडवलेला पाव ऐकणारा कानही तसाच होता, फक्त तो दुसऱ्या बाजूला बसला होता.

काही दिवसांपूर्वी चाकणहून पुण्याला येताना बसमध्ये माझ्या शेजारी एक तरुण बसला होता. चाकण म्हणजे 1660 मध्ये शाहिस्तेखानाच्या प्रचंड सैन्यासमोर सुमारे दोन महिने झुंजलेला किल्ला, आणि तो झुंजवणारा फिरंगोजी नरसाळा. नावातच फिरंग. आता तिथे औद्योगिक वसाहत आहे. मुलगा फोनवर घरी सांगत होता की कंपनीत आज पगार झाला, साहेबांनी रविवारची सुट्टी दिली, येताना पाव घेऊन येतो, आणि आईला दवाखान्यात न्यायचे आहे तर धाकट्याला सोबत पाठवा. पलीकडून कोणीतरी काहीतरी विचारले. तो म्हणाला, ‘हो, दोन लाद्या आणतो,’ आणि फोन खिशात ठेवून खिडकीला डोके टेकून झोपला.